लॅपटॉपचा कीबोर्ड घरी बदलायचा आहे, पण तो बॉडीलाच वितळवून बसवलेला निघाला

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यात राहते, घरूनच टायपिंगची कामं घेते. बचत गटांचे ठराव, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामसभेचं इतिवृत्त, अर्ज, असं सगळं. टंकते इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांच्या त्या ठरलेल्या मांडणीत. मागच्या आठवड्यात लॅपटॉपवर क, ग, ८ आणि स्वल्पविराम ही चार बटणं एकदमच गेली. बाकीची ठणठणीत आहेत. चहा सांडला नाही, पाणी लागलं नाही. आणि क शिवाय मराठीची एक ओळ पुरी होत नाही.

तालुक्याच्या दुकानात नेला. त्यांनी मागचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, कीबोर्ड सुटा निघत नाही, वरची अख्खी बॉडी बदलावी लागेल, लॅपटॉप ठेवून जा, माल नागपूरहून येईल. कधी येईल ते सांगत नाहीत. शाळा आत्ताच उघडल्यात, माझ्या कामाचा हाच हंगाम आहे. लॅपटॉप ठेवून आले तर कामं दुसरीकडे जातात.

व्हिडिओत लोक चार स्क्रू काढून कीबोर्ड वरून उचलतात. माझ्या मॉडेलचा व्हिडिओ पाहिला तर बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं बाहेर काढल्यावर तळाशी कीबोर्ड सापडतो. तोही स्क्रूने नाही, प्लॅस्टिकच्या ठिपक्या-ठिपक्यांनी चिकटलेला. हे घरी होण्यासारखं आहे का? आणि असं का बनवतात तेही कुणी समजावून सांगा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पाहिलं तर बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त मॉडेलांत हेच दिसतंय.

पूर्णाकाठ

ताई, पेचकस हातात घेण्याआधी तीन गोष्टी पाहा.

यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावा. त्यावर क उमटला तर विंडोजमध्ये खोट नाही. मग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन लॅपटॉपचीच बटणं दाबून पाहा. शिवाय उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबलेली राहिली की विंडोजचं ‘फिल्टर कीज’ सुरू होतं, मग बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर येत नाही आणि माणसाला वाटतं कीबोर्ड गेला. तुमची चारच बटणं गेलीत म्हणजे हे कारण नसावं, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

आणि महत्त्वाचं, लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतो का? टचपॅड वर आलंय का? कीबोर्ड मधोमध फुगलाय का? आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, पत्र्याच्या खोलीत चार्जरवर लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी फुगते आणि खालून कीबोर्डला ढकलते. तसं असेल तर दुखणं बॅटरीचं आहे. फुगलेल्या बॅटरीला टोकदार काही लावू नका, दाबू नका, चार्ज करू नका.

पऱ्हाटी

पूर्णाकाठ दादा, बाहेरच्या कीबोर्डवर सगळं उमटतं. लॅपटॉप सपाट बसतो, टचपॅड जागच्या जागी आहे.

वऱ्हाडी_मास्तर

तुमच्या चार बटणांची जागा पाहा. वर ८, त्याच्या खाली आय म्हणजे ग, त्याखाली के म्हणजे क, त्याखाली स्वल्पविराम. एकाच तिरप्या रेषेत आहेत. हा योगायोग नाही.

कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या असतात, मधला दोघांना वेगळं ठेवतो आणि बटणाच्या जागी त्याला भोक असतं. रेघांची मांडणी चौफुलीवर लावलेल्या पऱ्हाटीसारखी, उभी-आडवी. बटण दाबलं की त्या जागी एक उभी आणि एक आडवी रेघ टेकते. मदरबोर्डवरची चिप सतत पाहत असते की कुठल्या दोन रेघा जुळल्या, आणि त्यावरून अक्षर ठरवते. ८, आय, के आणि स्वल्पविराम ही बटणं बऱ्याच कीबोर्डांत एकाच रेघेवर असतात. म्हणजे तुमची चार बटणं बिघडलेली नाहीत, एक रेघ तुटली आहे.

ती दोन ठिकाणी तुटू शकते. एक, कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी केबल सॉकेटमधून जराशी सरकली किंवा तिच्या टोकाला धूळ-ओल बसली. हे फुकटात सुधारतं. दोन, पापुद्र्यावरचीच शाई गेली. मग कीबोर्ड बदलण्यावाचून इलाज नाही. म्हणून आधी केबल पाहा. मागचं झाकण काढा, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच दुसऱ्या कशाला हात लावा. कीबोर्डच्या सॉकेटला बारीक काळी किंवा पांढरी पट्टी असते, ती लॉक आहे. नखाने हळूच उभी करायची, मग केबल आपोआप सैल होते. लॉक न उघडता केबल ओढली तर सॉकेट जातं, आणि ते मदरबोर्डला सोल्डर केलेलं असल्याने खर्च दुप्पट होतो. केबलचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, वाळू द्या, सरळ आत बसवा, लॉक पाडा.

पऱ्हाटी

सर, आज केबल काढून, पुसून परत बसवली. टोक स्वच्छच होतं. चार बटणं अजून बंदच आहेत. पण झाकण उघडून सगळं नीट परत लागलं याने धीर आला. आता कीबोर्डच बदलायचा असं धरून चालते.

लिंबाचा_पार

कशाला एवढी उठाठेव? बाहेरचा कीबोर्ड लावा. नाहीतर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज टाकून क दुसऱ्या बटणावर घ्या. कंट्रोल, विंडोज आणि ओ एकत्र दाबलं की पडद्यावरचा कीबोर्डही येतो.

पऱ्हाटी

पार दादा, आत्ता बाहेरच्या कीबोर्डवरच काम चालू आहे, त्यामुळे हंगाम बुडाला नाही हे खरं. पण ग्रामसभेत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसावं लागतं, तिथं दोन कीबोर्ड मांडायला जागा नसते. क दुसरीकडे नेला तर हाताची सवय मोडते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुली सरकारी टायपिंगच्या मराठी ३० च्या परीक्षेला बसणार आहेत, त्या याच लॅपटॉपवर सराव करतात. त्यांना चुकीच्या जागी क शिकवायचा नाही.

आर्वीचा_मिस्त्री

ताई, मी हेच काम करतो, म्हणून लंबं लिहून रायलो.

लॅपटॉपचे कीबोर्ड दोन जातीचे राह्यते. जुन्या जातीत कीबोर्ड वरून निघते. थिंकपॅड टी४२०, एक्स२२० घ्या, २०११ सालचे. बॅटरी काढा, खालचे कीबोर्डचं चिन्ह असलेले स्क्रू काढा, कीबोर्ड पडद्याकडं सरकवा, पुढून उचला, केबल सोडा. झालं. शिकाऊ पोरगंही करते.

तुमची दुसरी जात आहे. याच्यात वरची प्लॅस्टिक बॉडी, जिच्यावर हात टेकवता, तिच्या पोटातून बारीक प्लॅस्टिकच्या खुंट्या निघते. कारखान्यात कीबोर्डची पत्र्याची प्लेट त्या खुंट्यांवर ठेवते, अन् वरून गरम साचा दाबून सगळ्या खुंट्यांचे डोके एका झटक्यात वितळवते. डोकं पसरलं का प्लेट पक्की. मशीनले हे काम काही सेकंदाचं, अन् आपल्याले पाच-पन्नास खुंट्या एकेक करून सोडवा लागते.

तुमच्यासमोर दोन वाटा आहे. एक, कीबोर्ड बसवलेली अख्खी वरची बॉडी घ्या. महाग पडते, पण खुंट्यांचा प्रश्नच नाही. दोन, सुटा कीबोर्ड घ्या. स्वस्त आहे, मेहनत लय आहे. सगळं बाहेर काढून बॉडी उपडी करायची. धारदार ब्लेडनं खुंटीचं फक्त पसरलेलं डोकं छाटायचं, खुंटी मुळासकट उडवायची नाही. जेवढी खुंटी उभी राहीन तेवढी नवी प्लेट धरीन. कितीक मॉडेलात वरून काळा किंवा चंदेरी कागद चिकटवलेला राह्यते, तो फाडू नका, मागून परत लावायचा राह्यते. मग प्लेट उचकटायची अन् नवी बसवायची.

बॉडी लोखंडी पेचकसानं उचकटू नका. जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची पट्टी घ्या. अन् स्क्रूसाठी कागदावर लॅपटॉपचा आकार काढा, जिथला स्क्रू तिथंच कागदाले टोचून ठेवा. हे मी कळकळीनं सांगून रायलो, काऊन का लंबा स्क्रू छोट्याच्या जागी गेला तर बॉडी वरून फुगते, नाहीतर मदरबोर्डले भिडते.

बर्डीवाला

नागपूरला सीताबर्डीत सुट्या भागांचं काम करतो. मिस्त्रीभाऊंनी काम बरोबर सांगितलं, मी मालाचं सांगतो, कारण लोक इथंच फसतात.

मॉडेलचं नाव सांगून कीबोर्ड मागू नका. एकाच नावाखाली कंपनी दोन-तीन प्रकारचे कीबोर्ड लावते. जुना कीबोर्ड बाहेर काढल्यावर त्याच्या पाठीवरचा पार्ट नंबर घ्या. लेनोव्होत एफआरयू नंबर, डेलमध्ये डीपी/एन, एचपीत स्पेअर पार्ट नंबर. काढायच्या आधी हवा असेल तर एचपी, डेल आणि लेनोव्हो आपापल्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल फुकट देतात. त्यात कुठला स्क्रू कुठं, किती लांबीचा, हेही चित्रासकट असतं. व्हिडिओपेक्षा तेच उघडून बसा.

मग जुळवून पाहायच्या गोष्टी. आत दिवा आहे का? दिव्याच्या कीबोर्डला दुसरी बारीक केबल असते, तुमच्या बोर्डवर तिला सॉकेट नसेल तर दिवा लागणार नाही. एंटर बटण आडवं की उभं? आपल्याकडं बहुतेक अमेरिकन ठेवण येते, एंटर आडवं. उभं एंटर आलं तर बॉडीच्या खिडकीत बसणारच नाही. चालू-बंदचं बटण कीबोर्डातच आहे का? असेल आणि नव्यात नसेल तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. केबल कुठल्या बाजूने निघते आणि किती लांब आहे? जुन्या-नव्याचे फोटो शेजारी ठेवून पाहा.

भावाचं म्हणाल तर सुटा कीबोर्ड साधारण हजाराच्या आत-बाहेर मिळतो आणि कीबोर्डसकट बॉडी तीन-चार हजारांच्या पुढे. काढीव बॉडीही मिळते, म्हणजे मदरबोर्ड गेलेल्या लॅपटॉपची. कंपनीचा असली माल असतो, फक्त वापरलेला. नव्या डुप्लिकेटपेक्षा मी काढीव पसंत करतो.

मागवलेला माल आला की बॉडीत बसवण्याआधी नुसती केबल जोडून सगळी बटणं दाबून पाहा. खुंट्या वितळवल्यावर माल परत होत नाही.

ज्वारीचं_कणीस

आम्ही वाशीमकडं असाच एक बसवला. खुंट्या छाटल्यावर प्लेट फेव्हिक्विकने चिकटवली. फटाफट काम होते.

आर्वीचा_मिस्त्री

कणीस भाऊ, फेव्हिक्विक लावू नका. पातळ राह्यते, प्लेटच्या भोकातून बटणाच्या कैचीत, म्हणजे बटणाखालच्या कैचीसारख्या जोडात, उतरते अन् बटण कायमचं बसते. त्याची वाफ काळ्या बटणावर पांढरी बसते. अन् पुढच्या वेळी कीबोर्ड काढा लागला तर बॉडी फुटते. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न घ्या, टोक स्वच्छ पुसा, खुंटीवर दोन-तीन सेकंद टेकवा, डोकं पसरलं का उचला. जास्त धरलं तर बॉडीच्या वरच्या अंगाले खड्डा दिसते.

बर्डीवाला

मिस्त्रीभाऊ, तुमचं बरोबर, पण डोकं छाटल्यावर कितीक ठिकाणी खुंटी प्लेटच्या वर निघतच नाही, वितळवायला उरत नाही. तिथं मी अराल्डाइटचा अगदी छोटा थेंब लावतो. घट्ट असतो, आत झिरपत नाही. रात्रभर वजन ठेवायचं. गरम गोंदाच्या गनचं मात्र नाव काढू नका, आपल्या उन्हाळ्यात तो सुटतो.

आर्वीचा_मिस्त्री

हे मानलं. जिथं खुंटी आहे तिथं वितळवा, जिथं नाही तिथं अराल्डाइट. अन् स्पेसबार, एंटर अन् बॅकस्पेसच्या आजूबाजूची एकही खुंटी सोडू नका, तिथं मार जास्त पडते.

वऱ्हाडी_मास्तर

पऱ्हाटीताईंनी विचारलं होतं, असं का बनवतात. बनवणाऱ्याच्या बाजूने कारणं आहेत. पन्नास स्क्रू आवळण्यापेक्षा एकदा गरम साचा दाबणं स्वस्त आहे. स्क्रूला खाली पितळी नट लागतो, त्याला जाडी लागते, आणि लॅपटॉप पातळ हवा असतो. प्लेट इतक्या ठिकाणी बांधली की पातळ बॉडीही लवत नाही. हे सगळं मान्य. पण कीबोर्ड हा लॅपटॉपमधला रोज मार खाणारा भाग आहे. तोच काढायला सगळ्यांत अवघड करून ठेवणं मला चूकच वाटतं, आणि त्याची किंमत सर्व्हिस सेंटरपासून लांब राहणारा माणूस जास्त मोजतो. नागपुरातल्या माणसाचा एक दिवस जातो, दारव्ह्यातल्या ताईंचा हंगाम जातो.

मोठ्या कंपन्याही यात पोळल्या आहेत. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आणलेला ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड बारीक धुळीच्या कणानेही अडकायचा आणि त्यांची रचना अशी की कीबोर्डसाठी बॅटरीसकट वरचा अख्खा भाग बदलावा लागे. जून २०१८ मध्ये त्यांना तो फुकट दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या शेवटी ते जुन्या कैचीच्या बटणांकडे वळले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला दावा ५ कोटी डॉलरवर मिटवला.

उलट उदाहरणही आहे. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीचा लॅपटॉप २०२१ मध्ये आला, त्याच्या खालचे पाच स्क्रू सैल केले की कीबोर्डचा वरचा भाग हाताने उचलता येतो. तोही पातळच आहे. म्हणजे पातळपणा आणि दुरुस्ती एकत्र जमतात.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि गाड्या ही त्यांची चार क्षेत्रं. ट्रॅक्टर त्यात आहे याचा मला आनंद आहे. पण फ्रान्ससारखे गुण खोक्यावर छापून आले असते तर पऱ्हाटीताईंना घेण्याआधीच कळलं असतं की हा कीबोर्ड वितळवलेला आहे. तोवर नवा लॅपटॉप घेताना मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा आणि कीबोर्ड काढायच्या पानावर त्याआधी काय काय काढायला लावलंय ते वाचा. तेवढ्यावरून दुकानदाराच्या शब्दापेक्षा जास्त कळतं.

पऱ्हाटी

मंडळी, झालं एकदाचं! सविस्तर लिहिते, कारण पुढं कुणाला लागेल.

सुटाच कीबोर्ड घेतला. काढीव बॉडी माझ्या मॉडेलची मिळेना आणि नवीचा भाव परवडणारा नव्हता. पार्ट नंबर मॅन्युअलमधून काढला, बर्डीवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे एंटर, चालू-बंदचं बटण आणि केबलची बाजू फोटोत जुळवली. ऑनलाइनवाले आमच्या पिनकोडला पोचवत नाहीत, म्हणून नागपूरच्या एका दुकानातून स्पीड पोस्टने मागवला. आल्या आल्या नुसती केबल जोडून पाहिला, क उमटला!

काम माझ्या भाऊजींच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात केलं. तिथं आयर्न होतं, भिंग होतं, मोठं टेबल होतं. मात्र आयर्न मोटरच्या कामाचं, जाड टोकाचं निघालं, ते या खुंट्यांना चालत नाही. बारीक टोक यवतमाळहून आणवलं. पंखा बंद ठेवून बसलो, नाहीतर बारीक स्क्रू आणि छाटलेले कण उडतात. कापसाचे तंतू तर त्या दुकानात सगळीकडे असतात, म्हणून टेबलावर आधी ओलं फडकं फिरवलं. सुती कपडे घातले आणि मधूनमधून लोखंडी शटरला हात लावत होतो, अंगातली स्थिर वीज उतरायला.

सगळ्यांत जास्त वेळ डोकी छाटण्यात गेला. ब्लेड आडवं धरून थोडं थोडं घ्यावं लागतं, उभं धरलं की घसरतं. जुनी प्लेट एका कोपऱ्यातून उचलायला लागलो तर दोन-तीन खुंट्या अजून धरून होत्या. जोर न करता भिंगाखाली शोधून त्या छाटल्या. जुना चंदेरी कागद अख्खा निघाला, तोच परत लावला. वितळवताना आधी चार कोपरे, मग मधला भाग, मग बाकीच्या, असं केलं, त्यामुळे प्लेट सरकली नाही. जिथं खुंटी उरली नव्हती तिथं अराल्डाइटचा थेंब. रात्रभर वर वह्यांचा गठ्ठा ठेवला.

सकाळी मदरबोर्ड, पंखा, स्पीकर, बॅटरी परत बसवून सुरू केला. सगळी बटणं चालतात. डाव्या बाजूला एके ठिकाणी दाबलं की किंचित लवतं, पण टंकताना जाणवत नाही. एक मात्र सांगते, ज्यांच्याकडे टेबल, आयर्न आणि दुसरा हात धरणारं माणूस नाही, त्यांनी पैसे साठवून अख्खी बॉडीच घ्यावी. काम कठीण नाही, पण मध्ये थांबता येत नाही, आणि उघडा लॅपटॉप घरात लेकरा-मांजरांत ठेवता येत नाही.

मिस्त्रीभाऊ, मास्तर, बर्डीवाले दादा, पूर्णाकाठ दादा, मनापासून आभार. दोन्ही पोरी आज संध्याकाळपासून सरावाला येतायत.

आर्वीचा_मिस्त्री

लय छान ताई! भाऊजींनाही सांगजा. जिथं लवते तिथं आता हात लावू नका. पुढं कधी उघडा लागलं तर तेव्हाच एक थेंब द्या.

मेळघाट

धारणीहून लिहितोय. माझ्याकडे थिंकपॅड एक्स२२० आहे, पाहुण्याच्या हातून कीबोर्डवर चहा सांडला. साखरेचा, दुधाचा. दोन दिवसांनी बटणं चिकटायला लागली. मिस्त्रीभाऊ, याला काय करू?

आर्वीचा_मिस्त्री

मेळघाट भाऊ, चालू करू नका. चार्जर काढा, बॅटरी काढा, तुमच्यात ती बाहेरूनच निघते. त्या कीबोर्डले खालून पाणी निथळायच्या वाटा राह्यते, बोर्ड बहुतेक वाचला असन, पण कीबोर्ड काढल्यावर खाली ओल आहे का पाहा. असली तर आयसोप्रोपिलनं पुसा, वाळू द्या. तांदळात ठेवू नका, त्याचा भुसा अजून आत जाते. दुधा-साखरेच्या चहानं आतली चांदीची रेघ खाल्ल्या जाते, म्हणून तो कीबोर्ड धुण्यात वेळ घालवू नका, दुसरा घ्या. तुमची पहिली जात आहे, वरून निघते. नंबर जुन्याच्या पाठीवर एफआरयू म्हणून छापलेला असन, त्याचा फोटो इथं टाका, बर्डीवाले पाहतीन.

बर्डीवाला

टाका फोटो. एक्स२२० चा माल अजून मिळतो.